आईला मोठ्यानं वाचून दाखवलेली पुस्तकं

ओट्यावरची

गेल्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास आईनं पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाली, "यातली मधली अक्षरं उंदरांनी खाल्लीत." डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, मॅक्युला, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग, बिघडलाय. तिला दाराची चौकट दिसते, खिडकीबाहेरचा आंबा दिसतो, पण ज्यावर नजर रोखावी नेमकं तेवढंच पुसलं जातं. आई एकोणऐंशीची आहे. निफाड तालुक्यातल्या शाळांमध्ये प्राथमिक शिक्षिका होती. नाशकात आल्यापासून सावानाची वर्गणी तिनं कधी थकवली नाही. (बाहेरच्यांसाठी: सावाना म्हणजे सार्वजनिक वाचनालय, नाशिक. १८४० सालचं.) अशा बाईला वाचू नका म्हणणं म्हणजे जेवू नका म्हणण्यासारखंच.

तेव्हापासून रोज साडेसात ते साडेआठ मी वाचते आणि ती ऐकते. तिच्या हातात काहीतरी काम असतंच, लसूण नाहीतर मटार. मराठी आणि हिंदी पुस्तकं जशीच्या तशी वाचते. इंग्रजी असेल तर वाचता वाचता मराठीत सांगते, अडखळत का होईना. त्यामुळे खालच्या प्रतिक्रिया निम्म्या माझ्या आहेत आणि निम्म्या तिच्या. तिच्या जास्त खऱ्या आहेत, कारण कुठल्या पुस्तकाला काय मिळालं हे तिला मी आधी सांगत नाही.

आधी फसलेल्यांबद्दल. रंगनाथ पठाऱ्यांचं 'सातपाटील कुलवृत्तांत' मी एकटीनं वाचलं होतं तेव्हा भारावले होते. एका कुळाचा सातआठशे वर्षांचा पट आणि तेवढाच जाड ठोकळा. मोठ्यानं वाचायला घेतल्यावर दहाव्या दिवशी आई म्हणाली, "अगं, काल जो मेला तो आज पुन्हा कसा आला?" तो नातू होता. कागदावर मागे जाऊन बघता येतं, ऐकताना येत नाही. पुस्तकाचा दोष नाही, पण आम्ही थांबलो. सुधीर रसाळांच्या 'विंदांचे गद्यरूप'ला २०२४ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. ते तिसऱ्या संध्याकाळी बंद झालं. "एवढं विंदांबद्दल वाचतेस, मग विंदांचंच वाच की." वाचलं. त्यात दोन आठवडे मजेत गेले.

रिंगाण (कृष्णात खोत, साहित्य अकादमी २०२३). धरणानं उठवलेल्या लोकांची गोष्ट. गाव सोडताना मागे राहिलेली म्हैस रानटी झाली आहे आणि देवाप्पा तिला आणायला परत त्या रानात जातो. पन्हाळ्याकडची बोली माझ्या नाशिककर जिभेवर पहिले चार दिवस बसेना. वाक्याचा हेल चुकायचा आणि आई दुरुस्त करायची, जणू ती जन्मभर तिकडंच राहिली होती. पाचव्या दिवशी लक्षात आलं की हे पुस्तक मुळात कानासाठीच आहे. डोळ्यांनी वाचताना मी जी वर्णनं भराभर ओलांडली होती ती आवाजात आली की रान अंगावर येतं. म्हैस आणि माणूस एकमेकांना जोखतात त्या पानांवर आईच्या हातातला लसूण थांबला होता. मग म्हणाली, "म्हैस घर विसरत नाही गं. पण तिला सोडून गेले ना हे. तिनं का म्हणून ओळख द्यावी?" विस्थापितांवर मी बरंच वाचलं आहे. पण सोडून जाणारा म्हणून त्यांच्याकडे मी कधी पाहिलं नव्हतं.

ऑर्बिटल (समँथा हार्वे, बुकर २०२४). अवकाश स्थानकातली सहा माणसं, एक दिवस, पृथ्वीभोवती १६ फेऱ्या. जेमतेम १३६ पानं. गोष्ट म्हणावी अशी त्यात नाही, आणि मला वाटलं होतं आई दुसऱ्या दिवशी उठून जाईल. पण प्रकरणं फेऱ्यांप्रमाणे पाडलेली आहेत. मी तसंच सांगितलं आणि तिनं ते श्रावणातल्या ब्रह्मगिरीच्या फेरीला नेऊन जोडलं. रोज विचारायची, "आज कितवी फेरी?" त्या सहांमधल्या चिए नावाच्या जपानी बाईची आई इकडे जमिनीवर वारते आणि ही वरच अडकलेली. रामकुंडावर कुठकुठून लोक अस्थी घेऊन येतात ते बघत म्हातारी झालेली माझी आई. तिनं पहिला प्रश्न विचारला, "मग तिचं कोणी केलं?" फिलिपिन्सवर येणारं वादळ हे लोक वरून बघत राहतात, त्या भागावर ती जरा चिडलीच. "वरून पूर दिसतो, पण दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला आलाय का छातीला, ते कसं कळणार त्यांना?" (बाहेरच्यांसाठी: ही गोदेच्या पात्रातली मूर्ती, नाशिककर पूर तिच्यावरच मोजतात.) समीक्षकांनी या पुस्तकावर पुष्कळ लिहिलं आहे. पण सौंदर्य दिसायला अंतर लागतं आणि दुःख कळायला ते अंतर आड येतं, ही जी खोच आहे ती आईनं दुतोंड्या मारुतीवर मोजून दाखवली.

त्याच आठवड्यात संध्याकाळी स्थानक नाशकावरून जाणार होतं. गच्चीवर गेलो. चारशे किलोमीटर वरून जाणारा एक ठळक ठिपका, न लुकलुकता सरकणारा. मी बोट दाखवत होते आणि तिला दिसत नव्हता. मग तिनं मान जराशी वळवली. "सरळ बघितलं की जातो. बाजूला बघितलं की येतो." शेजारच्या पाण्याच्या टाकीकडे बघत तिनं तो ठिपका पूर्ण पार होईपर्यंत पाहिला.

हार्ट लॅम्प (बानू मुश्ताक, अनुवाद दीपा भास्ती, आंतरराष्ट्रीय बुकर २०२५). १९९० ते २०२३ या काळातल्या १२ कन्नड कथा. सगळ्या सारख्या तोलाच्या नाहीत. मौलवी आणि मुतवल्लींची (मशिदीच्या कारभाऱ्यांची) टर उडवणाऱ्या काही कथा लांबल्यात असं मला वाटलं. पण शीर्षककथा! नवऱ्यानं दुसरीकडे घरोबा केलेला, माहेरचे भाऊ हिला उलट्या पावली परत आणून सोडतात आणि मेहरून रात्री रॉकेलचा डबा उचलते. आईनं माझ्या मनगटावर हात ठेवला. "काडी लागते का, ते आधी सांग. मग पुढं वाच." मी सांगितलं. (इथं सांगत नाही, आईइतका हक्क तुमचा नाही.) अनुवादिकेनं कन्नड, उर्दू, अरबी शब्द इंग्रजीत तळटीप न देता तसेच ठेवले आहेत. गंमत म्हणजे इंग्रजी वाचकाला जिथं ठेच लागते तिथंच मला सगळ्यात सोपं गेलं. 'सेरगु' आला की मी पदर म्हणून मोकळी. कन्नडातून इंग्रजीत गेलेली बाई मराठीत आली तेव्हा घरी आल्यासारखीच वाटली.

सीतायन (तारा भवाळकर). हे वाचताना वाचक मी उरलेच नाही. लोकपरंपरेत, बायकांच्या गाण्यांत सीता कशी वेगळी येते, तिचं दुःख आणि तिचा विद्रोह, हा विषय. एक पान वाचलं की आई अर्धा तास बोलायची. तिची आजी सिन्नरकडची, पहाटे जात्यावर बसायची. त्या ओव्यांत वनवासातल्या सीतेची समजूत घालायला बोरी-बाभळी येतात, बायका होऊन. राम दूरच असतो. "आम्हाला रामायण तेच माहीत होतं. पोथीतलं नंतर आलं." गेल्या हिवाळ्यात तपोवनातली झाडं तोडण्यावरून गाव तापलं होतं तेव्हा ती हेच म्हणाली होती, "तिथली झाडं म्हणजे तिच्या मैत्रिणी." त्या वेळी मी ते म्हातारपणाचं बोलणं समजून सोडून दिलं होतं. पंचवटीत वाढले, सीता गुंफेत वाकून शिरले, आणि हे मला एका पुस्तकामुळे कळलं याची जरा लाजही वाटली.

आता ज्यासाठी मुख्यतः हा धागा काढला ते. मदर मेरी कम्स टू मी, अरुंधती रॉय, २०२५. त्यांच्या आईवरचं पुस्तक. मेरी रॉय यांनी कोट्टायमला शाळा काढली, आणि स्वतःच्या मुलांनाही तिथं आईला मिसेस रॉय म्हणावं लागे. पुस्तकभर ती बऱ्याच ठिकाणी मिसेस रॉयच आहे.

चौथीला मला आई वर्गशिक्षिका होती. घरात आई, शाळेत बाई. चुकून 'आई' म्हटलं तर वर्ग हसायचा आणि छडी मला इतरांपेक्षा एक जास्त, कारण "माझी म्हणून सोडलं असं कोणी म्हणायला नको". हे आम्ही कधी बोललो नाही. पुस्तक हातात घेताना मला हे आठवलंही नव्हतं. तिसऱ्याचौथ्या संध्याकाळी मुलीचा अपमान होतो असा एक भाग आला आणि मी दोन परिच्छेद गाळले. इंग्रजी पुस्तकाचं बरं असतं, सांगणारीच्या हातात कात्री असते. दुसऱ्या दिवशी पान गाळलं. मग रोज थोडं थोडं. पुस्तकातली आई माझ्या तोंडून हळूहळू सज्जन होत चालली.

आठवड्यानं आई म्हणाली, "काय गाळतेस?"

मी म्हटलं, काही नाही.

"छत्तीस वर्षं धडा वाचायला उभी केलेली पोरं ऐकलीत मी. ओळ सोडली की श्वास बदलतो."

त्या दिवशी पुढं वाचलं नाही. चहा केला. दुसऱ्या दिवशी साडेसातला ती खुर्चीत येऊन बसली आणि म्हणाली, "मागून घे. गाळलेलं." मग मी सगळं वाचलं, एका दमात, भाषांतर करताना शब्द मऊ न करता. ती ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "एक छडी जास्त, हो ना?" मी हो म्हटलं. "मला वाटलं होतं, विसरली असशील."

पुस्तक म्हणून कसं आहे? लेखिका आईला माफही करत नाही आणि तिची तक्रारही मांडत नाही, या दोन्हींच्या मधल्या जागेत पुस्तकभर उभी राहते. उत्तरार्धात लेखिकेचं सार्वजनिक आयुष्य जास्त येतं तिथं मला पकड सैल वाटली. आईला तसं वाटलं नाही. तिला खटल्याचा भाग सगळ्यात आवडला. त्रावणकोरच्या १९१६ च्या कायद्यात सीरियन ख्रिश्चन मुलीला भावाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा ५,००० रुपये, यातलं जे कमी तेवढंच मिळायचं. मेरी रॉय सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९८६ मध्ये जिंकल्या. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी त्याच्या आसपासच हक्कसोडपत्रावर सही केली. साडी-चोळी मिळाली. अंजिरी रंगाची."

तुम्ही कोणी कोणाला मोठ्यानं वाचून दाखवता का? आणि पुढं काय घेऊ?

---

पिंपळपार

रिंगाणबद्दल १०० टक्के. माझं आजोळ चांदोरीकडचं. गोदेचं पाणी उतरलं की पात्रातली जुनी देवळं उघडी पडतात, तेव्हा आजोबा आम्हाला दाखवायला न्यायचे. देऊळ दिसलं की ते हात जोडायचे नाहीत, नुसते बघायचे. का ते विचारायचं राहून गेलं. रिंगाण वाचताना सतत ते डोळ्यांसमोर होतं.

अवांतर: 'कितवी फेरी' वाचून हसू आवरेना. आमच्याकडे गीतांजली श्री यांची कादंबरी 'रेत समाधि' वाचून दाखवण्याचा प्रयोग केला होता, सासूबाईंना, मूळ हिंदीतून. ऐंशी वर्षांची अम्मा भिंतीकडे पाठ करून पडून राहते आणि 'नहीं'चं बोलता बोलता 'नयी' होतं, तो पहिला 'पीठ' नावाचा भाग त्यांनी डोक्यावर घेतला. शेवटच्या 'हद सरहद' भागापर्यंत मात्र पोचलो नाही. मधे कावळे फार बोलतात, असं त्यांचं मत पडलं.

अर्धविराम

लेख हृद्य आहे, पण स्पष्ट बोलतो. तुम्ही ऑर्बिटल वाचलं नाही, ऑर्बिटलची गोष्ट सांगितली. त्या पुस्तकात गोष्ट नाहीच, वाक्यं आहेत. वाचता वाचता केलेल्या भाषांतरात ती वाक्यं जातात आणि मागे उरतो विषय. मग आईंची मार्मिक टिप्पणी विषयावर होते, पुस्तकावर नाही. हार्ट लॅम्पचंही तेच. शिवाय 'कानावर टिकलं ते चांगलं' ही कसोटी सगळ्या पुस्तकांना लावली तर कादंबरीचं अर्धं विसावं शतक बाद होईल. सातपाटील ज्यांनी डोळ्यांनी वाचलं त्यांना विचारा.

प्रयोगच करायचा तर डेव्हिड सॉलॉय यांचं फ्लेश घ्या. बुकर २०२५. बघू कानाला काय मिळतं.

ओट्यावरची

@अर्धविराम, फ्लेश झालं. म्हणजे अर्धं झालं. लेखात लिहिलं नाही कारण फजितीच होती. पहिल्याच प्रकरणात पंधरा वर्षांचा इश्तवान आणि शेजारची वयानं मोठी बाई. आता हे आईला कसं सांगणार? गाळलं. (तेव्हा तिनं काही विचारलं नाही. माझ्या मते तिला कळलं होतं.) पुढं तो युद्धावर जातो, लंडनला येतो, पैसा येतो, आणि प्रत्येक गोष्टीला त्याचं उत्तर एकच, ओके. आठव्या दिवशी आई म्हणाली, "हा मुलगा बोलत का नाही? याला कुणी विचारलंच नाही का कधी, काय झालं म्हणून?" माझ्या मते पुस्तकाला नेमकं हेच हवं आहे. तरीही आम्ही थांबलो, कारण 'ओके' मराठीत सांगता येईना. 'बरं' म्हटलं की तो मुलगा आज्ञाधारक वाटतो, 'ठीक' म्हटलं की रुसलेला.

म्हणजे तुमचा मुद्दा अर्धा मान्य. वाक्यं गेली, हे खरं. पण सातपाटीलला मी नावं ठेवलेली नाहीत, पुन्हा वाचा.

तळटीप

हक्कसोडाबद्दल थोडं, कारण व्यवसायच तो. १९५६ च्या कायद्यानं वडिलांच्या पश्चात त्यांच्या वाट्यात मुलगी वारस होतीच. वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा जन्मतः हिस्सा महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीनं आला, आणि तोही तोवर लग्न न झालेल्या मुलींनाच. देशभर तो २००५ मध्ये आला. त्यामुळे तुमच्या आईंनी सही केली तेव्हा सोडण्यासारखं त्यांच्याकडे काहीच नव्हतं असं नाही, पण आजच्यापेक्षा कमी होतं. स्वखुशीनं केलेलं नोंदणीकृत हक्कसोड नंतर मोडणं अवघड. अजूनही महिन्यात चारदोन तरी अशा सह्या माझ्यासमोर होतात. साडी आता पाकिटात येते.

पुस्तक वाचलेलं नाही. आता वाचेन.

गावकूस

सीतायनवर स्वतंत्र धागा काढा ही विनंती. जात्यावरच्या ओव्या आईंकडून ध्वनिमुद्रित करून घ्या, वेळ घालवू नका. माझी आजी गेली आणि तिच्या ओव्याही तिच्यासोबत गेल्या.

पुढं काय, याला माझं उत्तर: ऐश्वर्य पाटेकरांचं 'जू'. आपल्याच जिल्ह्यातलं आत्मकथन. एकटी आई, चार बहिणी आणि एक मुलगा. भाषा कानावर ठरणारी आहे, भाषांतर करायची गरज नाही, आणि गाळायचं म्हटलं तरी गाळता येणार नाही.

दवबिंदू

ताई, बोलती पुस्तकं मिळतात ना आता मोबाइलवर? नटांच्या आवाजात, दर्जेदार. तुमचा घसाही वाचेल.

ओट्यावरची

@दवबिंदू, आणून दिलं होतं. दोन दिवस ऐकलं. म्हणाली, "छान वाचतो, पण त्याला थांबवून काही विचारलं तर तो पुढंच जातो."

@गावकूस, 'जू' सावानातून परवा आणलं. चार पानं झालीत. ओव्यांचं ध्वनिमुद्रण कालपासून सुरू केलं आहे. फोन समोर ठेवला की तिला ओव्या आठवत नाहीत आणि स्वयंपाकघरात गेली की आठवतात, म्हणून फोन आता मिसळणाच्या डब्याशेजारी असतो.

@तळटीप, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. दोनदा. '९४' ऐकल्यावर बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, "साडी चांगली होती तशी."

आज खरं तर सगळा धागाच वाचून दाखवला, शीर्षकापासून. तिच्या दोन सूचना आहेत. संपादनाची मुदत संपली म्हणून इथंच लिहिते. एक, ती मटार सोलत नव्हती, पावटे सोलत होती, आणि मटार म्हणून लिहिणारीला स्वयंपाकघरातलं किती कळतं ते लोकांना दिसलं. दोन, छडी चौथीत नाही, तिसरीत. चौथीला वर्ग दुसऱ्या बाईंकडे होता.

मग थांबून म्हणाली, "मधला एक प्रतिसाद गाळलास."

@अर्धविराम, तुमचा होता. वाचला. तिचं म्हणणं असं की मुलगा बरोबर बोलतोय, आणि त्याला विचार, ती वाक्यं तो येऊन वाचून दाखवेल का. साडेसातला, इंदिरानगर. चहा मिळेल.